बारवेच्या वाटेवर अडकलेली गाडी

एप्रिलच्या शेवटी मी आणि माझी थोरली बहीण अक्का बीड जिल्ह्यात निघालो, तेव्हा गुहागरातल्या शेजारणीने विचारलं, “कुणाचं लग्न आहे का?” लग्न नव्हतं. अक्काने शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यापासून ती जुन्या देवळांवरच्या मूर्तींची रेखाटनं करत हिंडते. तिला गाडी चालवता येत नाही, मला येते. त्यामुळे तिच्या हिंडण्यात मी ओघानेच येते, आणि माझी वीस वर्षांहून जुनी गाडीही येते. पाऊस तिथे लागोपाठ तिसऱ्या वर्षी हुलकावणी देऊन गेला होता. शेजारणीला ते पेपरात वाचून माहीत होतं. आम्हालाही होतं. पण वाचणं वेगळं, हे पुढे कळायचं होतं.

धर्मापुरी

अंबाजोगाईला मुक्काम करून आम्ही सकाळी धर्मापुरीचं जुनं केदारेश्वराचं देऊळ गाठलं. बाहेरच्या भिंतीवर दगडी बायकांची रांगच आहे. कुणी केस सारखे करतेय, कुणी आरशात बघतेय, कुणी नुसतीच कमरेवर हात ठेवून उभी. अक्का त्यांच्यासमोर छत्री रोवून बसली. मी देवळाच्या सावलीबरोबर सरकत राहिले. ऊन असं, की दगडाला पाठ टेकवली तर पाठ उचलून घ्यावी लागत होती.

देवळाशेजारच्या घरातल्या आजींनी न विचारता धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणून दिली. तांब्याभर पाणीही दिलं. आमच्याकडे पाहुण्याला पाणी देतात ते देण्यात जमा नसतं. इथे आजींनी तांब्या ठेवला आणि मी हात धुवायला उठल्यावर त्या पटकन म्हणाल्या, “हात पुसून घ्या बाई. पाणी प्यायला हाय.” बोलण्यात राग नव्हता, पण मी जागच्या जागी खाली बसले.

परत निघताना गाडीने पहिल्यांदा खोडी काढली. किल्ली फिरवली तर काहीच नाही. समोरचे दिवेही लागेनात. किल्ली थोडी मागे-पुढे हलवली तर दिवे लागले आणि गाडी सुरू झाली. “म्हातारी झाली,” अक्का म्हणाली. ती गाडीबद्दल बोलत होती असं मी धरून चालले.

धारूर

धारूरच्या किल्ल्यावर आम्ही जेमतेम तासभर होतो. वरून बालाघाटाच्या उघड्या, करड्या टेकड्या दिसतात. अक्काला त्यांचा रंग सापडेना. तिने पिशवीतून जलरंग काढले, बाटलीतल्या पाण्याकडे बघितलं आणि परत ठेवून दिले. मग पेन्सिलीवरच भागवलं.

घाट उतरताना एका वळणावर गाडी क्षणभर बंद पडली. आवाज गेला, सुकाणू जड झालं, आणि मी काही करायच्या आत पुन्हा आपोआप सुरू झाली. खाली उतरल्यावर एका हॉटेलात थांबलो. ज्वारीची भाकरी आणि येसरची आमटी खाल्ली. हे येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, ते घालून केलेली दाट, झणझणीत आमटी. अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी तिने दुसरी वाटी मागितली. हॉटेलवाल्याने तिची वही बघितली आणि तो म्हणाला, “मग आमच्या गावची बारव बघा की. तेलगावच्या रस्त्याला फाटा फुटतो, तिथनं आत. पायऱ्या हायत, कोनाडे हायत, मूर्त्या हायत. पाणी तेवढं न्हाई.”

शहाणपण सांगत होतं, सरळ माजलगावला जाऊन गाडी दाखवावी. पण बारव म्हटल्यावर अक्काला आवरणं शक्य नव्हतं. खरं तर मलाही बघायची होती.

बारवेची वाट

फाट्यापासून गाव बरंच आत होतं. बारव गावाच्या पलीकडच्या टोकाला. एका बाजूला घराची लांब भिंत, दुसऱ्या बाजूला दगड रचून केलेला गडगा, मधून एका गाडीपुरती वाट. भिंतीची सावली होती म्हणून मी तिथेच गाडी लावली. पुढे वळण होतं, त्यामुळे चाकंही वळलेलीच राहिली. किल्ली काढली, सुकाणू कट्कन अडकलं, आणि आम्ही बारवेत उतरलो.

बारव सुंदर होती. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या, कोनाड्यांत झिजलेल्या मूर्ती. तळाला नुसता ओलसर चिखल. अक्काने दोन रेघा मारल्या असतील नसतील, तोच वरून मोठा हॉर्न ऐकू आला. पाठोपाठ बायकांचा कालवा.

पाण्याचा टँकर आला होता. तो रोज याच वाटेने बारवेपर्यंत येतो, बारवेत पाणी सोडतो आणि गाव ते शेंदून घेतं. आणि वाटेत माझी गाडी आडवी.

मी धावत जाऊन किल्ली लावली. ती फिरली. पण ती फिरतच राहिली, सैल झालेल्या झाकणासारखी. दिवे नाहीत, आवाज नाही आणि सुकाणूचं कुलूपही सुटेना. स्विच आतून तुटला होता.

“ओ बाई, काढा की गाडी!” टँकरचा ड्रायव्हर ओरडला.

“सुरू होत नाही. किल्ली नुसतीच फिरतेय.”

“मग न्यूटल करा, ढकलू.”

ढकललं. वळलेली चाकं गाडीला सरळ गडग्यावर घेऊन गेली. मागे ओढली तर भिंतीवर. तेवढ्या वेळात बारवेजवळ सगळं गाव जमलं होतं. गाव म्हणजे बायका, म्हातारी माणसं आणि घागरी. गडी माणसं जनावरांबरोबर चारा छावणीवर राहायला गेली होती.

ड्रायव्हर खाली उतरला. “मला पुढच्या गावाला दुसरी खेप हाय. तिथंबी बाया वाट बघत्यात. मी काय इथं बसून ऱ्हात न्हाई. इथंच पाइप सोडू का?”

“इथं कुठं सोडतो? मातीत?” गर्दीतून एक बाई पुढे आली. उंच, पन्नाशीची, पदर कमरेला खोचलेला. “कावून हालंना गाडी?”

मी सांगितलं. कुणी मला बोललं असतं तर बरं वाटलं असतं. सगळ्या नुसत्या बघत होत्या आणि ते जास्त जड जात होतं.

त्या बाईने गाडीभोवती एक फेरी मारली. मग गडग्याकडे बघितलं. “गडगा कुणाचा? गयाबाईचा न्हवं? गयाबाई, दगडं काढू का?”

“काढा की. परत लावून द्या म्हंजे झालं,” मागून एक म्हातारा आवाज आला.

पाच-सहा जणींनी भराभर दगड बाजूला केले. गडग्याला गाडी मावेल एवढं खिंडार पडलं. आम्ही सामान उतरवलं. “आता उचला,” ती बाई म्हणाली. “आधी तोंड, मग बूड.”

मी आयुष्यात कधी गाडी उचलली नव्हती आणि कुणी उचललेली पाहिलीही नव्हती. पुढच्या बाजूला बायका दाटीने उभ्या राहिल्या. अक्का, सत्तरीला टेकलेली माझी बहीण, चष्मा काढून त्यांच्यात घुसली. “हां, एक साथ!” गाडीचं तोंड उठलं आणि वीतभर बाजूला पडलं. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. मग मागची बाजू. माझ्या शेजारची तरुण मुलगी दात आवळून उचलत होती आणि मधेच मला म्हणाली, “ताई, तुमच्या गाडीत दगडं भरलीत का काय?” हसू आलं तशी सगळ्यांच्या हातातली ताकद गेली. गाडी धाडकन खाली आली. ड्रायव्हर आणि तीन म्हातारे येऊन मिळाले, आणि अखेर गाडी गयाबाईंच्या शेतात जाऊन बसली.

टँकर पुढे गेला. पाइपातून पाण्याचा लोट बारवेत पडला आणि घागरी, कळश्या, डबे, दोऱ्या यांची एकच झुंबड उडाली. मी आणि अक्का गडग्याचे दगड परत रचायला लागलो. आम्हाला ते येत नव्हतं. रचलेले ढासळत होते. थोड्या वेळाने गयाबाई आल्या, आम्हाला हाताने बाजूला केलं आणि स्वतः रचू लागल्या.

ती उंच बाई दोन हंडे डोक्यावर घेऊन आली. “चला घरी. आता कुठं जाताव? मेस्त्री माजलगावला भेटंल, ते उद्या.” घरी गेल्यावर तिने हंडा उतरवला आणि पहिला पेला भरून गुळाच्या खड्याबरोबर माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. न घेणं जास्त वाईट दिसलं असतं.

त्यांचं नाव चंद्रकलाबाई. गाव त्यांना चेअरमनबाई म्हणतं, कारण गावातल्या बायकांच्या सहकारी दूध संस्थेच्या त्या चेअरमन. संस्था म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. संध्याकाळी तिथे बायका दूध घेऊन आल्या. बरीचशी जनावरं छावणीत, काही बाजारात विकून टाकलेली. उरलेल्या गाईंचं दूध. कुणाच्या किटलीत तळाला होतं, एकीने तर पितळी तांब्यातून आणलं. चंद्रकलाबाई प्रत्येकीचं दूध सारख्याच गांभीर्याने मापत होत्या. तांब्या आणणारी ओशाळून म्हणाली, “एवढंच निघालं.”

“एवढं निघालं न्हवं? मग झालं.”

मी सहकार म्हटलं की साखर कारखान्यांच्या निवडणुका आणि पुढाऱ्यांचे फलक, एवढंच ओळखत होते. ही खोली त्यात कुठे बसते, याचा विचार करत मी बराच वेळ दाराशी उभी राहिले.

माजलगाव

सकाळी दूध न्यायला टेम्पो आला, त्यात ड्रायव्हरशेजारी बसून मी माजलगावला निघाले. अक्का मागे राहिली. तिला बारव पुरी करायची होती.

वाटेत ड्रायव्हर म्हणाला, “बाईंना सांगू नका, पण ह्या गावची गाडी बंद होणार म्हणत्यात. दोन कॅनबी भरंना. डिझेल बी निघत न्हाई.” बाहेर वाळलेल्या उसाची शेतं चालली होती. एक साखर कारखाना लागला. चिमणीतून धूर नव्हता, आवारात बैलगाड्यांच्या जागी नुसती धूळ. धरणाजवळ आलो तर पाणी फार लांब, चकाकत्या पट्टीसारखं. उघड्या पडलेल्या तळातून ट्रॅक्टर गाळ भरून वर येत होते. “गाळ नेऊन रानात टाकायचा,” ड्रायव्हर म्हणाला. “पाणी न्हाई तर माती तरी.”

बाजारात दोन ठिकाणी विचारून मी शकीलभाईंच्या दुकानात पोचले. ते गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात आणि काम करताना सतत बोलतात. माझ्या गाडीचं नाव ऐकून ते हसले. “ह्याचा स्विच इथं कुठला? बीडला विचारतो.” फोन केला. बीडहून एसटीने पार्सल येणार, तेव्हा बसस्टँडवर बसा, म्हणाले. मी बसले. एसटी आली, पार्सल आलं, आणि उन्हं कलायच्या सुमाराला मी शकीलभाईंच्या मोटारसायकलवर मागे बसून गावात परतले. मांडीवर स्विचचा खोका.

सगळं काम गयाबाईंच्या शेतात झालं. बघायला पुन्हा निम्मं गाव. शकीलभाईंनी सुकाणूखालचं झाकण उतरवलं, छिन्नी लावून कुलपाचे बोल्ट फोडले आणि जुना स्विच माझ्या हातात ठेवला. आतला पितळी तुकडा झिजून तुटला होता, नखाएवढा. एवढ्याशा तुकड्याने काल अख्ख्या गावाचं पाणी अडवलं होतं.

नव्या स्विचची जोडणी जुन्या वायरींना बसेना. त्यांनी वायरी सोलून हातानेच जोडल्या. “ताई, सुकाणूला कुलूप ठेवू का काढू?” त्यांनी विचारलं.

“काढा,” मी म्हणाले. चोरीला गेली तर गेली. पण पुन्हा कुणाच्या वाटेत ती हटून बसायला नको होती.

“चला, लावा किल्ली.”

मी खिडकीतून हात घालून किल्ली जराशी फिरवली आणि गाडीने टुणकन उडी मारली. दोन वायरींची अदलाबदल झाली होती आणि गाडी मी गिअरमध्येच ठेवली होती. ती गडग्यावर जाऊन आदळली. नंबरप्लेट वाकली, गयाबाईंचे चार दगड पडले. “अरे अल्ला!” शकीलभाई मागे सरले. गयाबाईंनी कपाळावर हात मारला. “माझ्या गडग्यावर लईच राग हाय हिचा!” शकीलभाईही हसत सुटले आणि पुन्हा आत वाकून त्यांनी वायरी बदलल्या. दुसऱ्या वेळी दिवे लागले, किल्ली पुढे फिरली आणि गाडी सुरू झाली. लहान पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी मी चंद्रकलाबाईंना टेम्पोवाल्याचं बोलणं सांगून टाकलं. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

“ठावं हाय मला. डेअरीच्या साहेबाचा फोन आलता.”

“मग बायकांना सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की उद्यापासनं दूध घालायचं बंद करतील. दूध बंद झालं की उरलेल्या गाई बी बाजारात जात्याल. मग पाऊस पडला तरी गोठा मोकळाच.” तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली. “गाडी येतीया तवर येऊ द्या.”

फाटा

दुसऱ्या दिवशी आम्ही निघायच्या तयारीत होतो. बायकांनी दूध घातलं. दोन कॅन ओट्यावर आले, दुसरा अर्धाच. टेम्पो आला नाही. ऊन चढायला लागलं. चंद्रकलाबाईंनी फोन लावला, ऐकला आणि ठेवला.

“गाडी बंद केली,” त्या म्हणाल्या. “आजपासनं.”

तांब्यातून दूध आणणारी ओट्याच्या कडेला बसली आणि पदराने तोंड पुसू लागली. त्या बाईला वाटत असावं, आपल्याच तांब्यामुळे झालं.

अक्काने माझ्याकडे बघितलं. मी मागची सीट आडवी केली.

“बाई, दुधाचा वास ऱ्हाईल तुमच्या गाडीत,” चंद्रकलाबाई म्हणाल्या.

“राहू दे. तुम्ही पुढे बसा.”

दोन्ही कॅन आत गेले. अक्का मागे, एका कॅनला मिठी मारल्यासारखी धरून. रस्ताभर माझं लक्ष त्या नव्या स्विचकडे. वळणावर सुकाणू जरा जड वाटलं की हात आपोआप किल्लीकडे जायचा. दूध हिंदकळल्याचा आवाज आला की चंद्रकलाबाई मागे बघत होत्या.

टेम्पो दूध न्यायचा त्या डेअरीच्या शीतकरण केंद्रावर जे साहेब होते, ते तरुण आणि थकलेले होते. माणूस वाईट नव्हता. “काकू, मी काय करू? वरनं सांगितलंय. रूट परवडत नाही.”

“दूध तपासा,” चंद्रकलाबाई म्हणाल्या.

“अहो, पण…”

“आधी तपासा. मग बोलू.”

त्यांनी तपासलं. दूध चांगलं होतं. उन्हात एवढं थांबूनही नासलं नव्हतं.

“घेता का न्हाई?”

“आज घेतो. पण रोज कोण आणणार? ह्या ताई का?”

आम्ही दुपारी निघून जाणार होतो.

चंद्रकलाबाईंनी कॅनवर हात ठेवला. मग म्हणाल्या, “तुमची गाडी तेलगावच्या रस्त्यानं जातीच की रोज. फाट्यावर थांबवा. आमी फाट्यापतूर आणू.”

“फाटा लांब आहे तुमच्या गावापासून. कॅन घेऊन चालणार?”

“कॅन जड होतो. किटल्या आणू. जिची तिनं. कॅन फाट्यावर भरू.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. वर फोन केला, आत जाऊन बराच वेळ बोलले. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले, “गाडी थांबेल. पण वेळेवर या. एकदा चुकलात तर मला काही करता येणार नाही.”

परतीच्या वाटेवर फाट्याशी आल्यावर चंद्रकलाबाई म्हणाल्या, “इथंच उतरवा मला.”

“गावापर्यंत सोडते ना.”

“नको. चालून बघते. बायांना किती आधी उठवायचं, ते कळाया पायजे.”

रिकाम्या कॅनपैकी एक त्यांनी डोक्यावर घेतला. दुसरा फाट्यावरच्या चहावाल्याकडे ठेवला, उद्यासाठी. अक्काचे दोन्ही हात हातात घेतले, मला म्हणाल्या, “सावकाश जावा,” आणि चालू लागल्या. सावली नसलेल्या त्या रस्त्यावर त्या बराच वेळ दिसत होत्या.

गुहागरला पोचल्यावर महिनाभराने मी त्यांना फोन केला. खरं सांगायचं तर करायला भीत होते. संस्था बंद पडली असेल, असं मनाने धरलं होतं.

“चालूय की,” त्या म्हणाल्या. “पाय दुखत्यात बायांचे. पर फाट्यापलीकडं एक वस्ती हाय, तिथल्या बाया बी येत्यात आता दूध घेऊन. त्यांच्याकडं गाडी कधी गेलतीच न्हाई. दुसरा कॅन भरतोय आमचा.”

पाऊस नव्हता. टँकर येत होता, एक दिवसाआड. ते सगळं त्यांनी सांगितलं आणि मधेच थांबल्या.

“ताई, तिकडं पाणी वाहतंय का कुठं? आवाज येतोय.”

मी माडाच्या वाडीत उभी होते. संध्याकाळचं शिंपण चाललं होतं, पाटाचं पाणी माझ्या पायांशेजारून पोफळींकडे जात होतं. मला एकदम अवघडल्यासारखं झालं.

“वाडीला पाणी लावलंय,” मी म्हणाले. “थांबा, मी घरात जाते.”

“नका जाऊ,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “जरा ऐकू द्या.”

मी खाली वाकले आणि फोन पाण्याजवळ धरला.